ई-स्कूटर आणि शहरी प्रवासाचं इंग्रजी, आन्कीच्या कार्डांवर: अर्ध्या वर्षाच्या वापरानंतर

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा तर लोक सहसा ऑफिसचं किंवा मुलाखतीचं इंग्रजी निवडतात. मी निवडली ई-स्कूटर आणि शहरातली वाहतूक. कारण साधं: या गाड्यांची मॅन्युअलं, चाचण्यांचे व्हिडिओ, वेगवेगळ्या देशांचे नियम यातलं बरंच काही इंग्रजीत असतं, आणि ते इंग्रजी पाठ्यपुस्तकात कधी भेटलेलं नसतं. ई-स्कूटर म्हणजे इथे उभं राहून चालवायची, घडी होणारी. इंग्रजीत नुसतं ‘ई-स्कूटर’ म्हटलं की बहुतेक वेळा तीच. आपल्या डोळ्यांपुढे येते ती बसायची गाडी, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागते.

साधन आन्की. २००६ पासून चालत आलेलं कार्डांचं ॲप (कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर), संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. जे कार्ड आठवतं ते लांबच्या तारखेला ढकलायचं, जे आठवत नाही ते लवकर समोर आणायचं, एवढंच त्याचं काम. पुढची तारीख ठरवायला २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाचं नवं गणित आलंय. ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं, उजळणीचा बोजा हलका होतो. ॲपबद्दल इतकं पुरे. खरा प्रश्न कार्डांवर काय लिहायचं हा आहे.

आधी एक आयता संच उतरवून घेतला होता. त्यात सगळी गाडीच्या भागांची नामं: डेक (पाय ठेवायची फळी), स्टेम (उभा दांडा), थ्रॉटल (वेग वाढवायची कळ), फेंडर (मडगार्ड), किकस्टँड (गाडी उभी करायचा स्टँड). ही भराभर बसतात, कारण वस्तू समोर दिसते. पण मॅन्युअल उघडलं की गाडं अडायचं ते क्रियापदांवर. मोटर ‘कट आउट’ होते म्हणजे चालता चालता मध्येच बंद पडते. ‘डिसमाउंट’ म्हणजे उतरा, आणि पाटीवर असेल तर उतरून गाडी हाताने ढकलत न्या. ‘पुल ओव्हर’ म्हणजे कडेला घेऊन थांबा. दुसऱ्याला आधी जाऊ देणं अमेरिकेत ‘यील्ड’, ब्रिटनमध्ये ‘गिव्ह वे’. आयत्या संचात यातलं एकही नव्हतं. शब्दाला चित्र जोडायचं आणि संच तयार झाला म्हणायचं, हा प्रकार मला आळशीपणाचा वाटतो.

मग मॅन्युअलातली आणि नियमांच्या पानांवरची अख्खी वाक्यं घेऊन त्यातला एक शब्द झाकायला लागलो. आन्कीत याला ‘क्लोझ’ म्हणतात. फरक लगेच जाणवला, विशेषतः प्रवासाच्या क्रियापदांत. कार ‘ड्राइव्ह’ करतात, स्कूटर आणि सायकल ‘राइड’, बस आणि ट्रेन ‘टेक’. बसमध्ये ‘गेट ऑन’, टॅक्सीत मात्र ‘गेट इन’. ढोबळ नियम असा की आत उभं राहता येत असेल किंवा पाय टाकून बसायचं असेल तिथे ‘ऑन’. हे यादीने येत नाही, वाक्य कानात बसावं लागतं.

या विषयातला सगळ्यात धोक्याचा शब्द ‘पेव्हमेंट’. ब्रिटनमध्ये तो पदपथ. अमेरिकेत रस्त्याचा पक्का पृष्ठभाग, पदपथाला तिथे ‘साइडवॉक’. म्हणजे ‘पेव्हमेंटवरच राहा’ ही एकच सूचना दोन देशांत तुम्हाला दोन वेगळ्या जागी नेऊन उभं करते, आणि ब्रिटनमध्ये पदपथावर ई-स्कूटर चालवणं बेकायदा आहे. ‘सबवे’चंही तसंच: अमेरिकेत भुयारी रेल्वे, ब्रिटनमध्ये बहुधा रस्त्याखालचा पादचारी बोगदा. अशा शब्दांच्या कार्डावर मी देशाचं नाव आधी लिहितो, मग वाक्य.

बॅटरीच्या शब्दांचा फायदा अनपेक्षित ठिकाणी झाला, जाहिराती वाचताना. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर, बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा, आणि दोन गाड्यांची तुलना या शेवटच्या आकड्यावर करायची. ‘रेटेड पॉवर’ मोटर सतत देऊ शकते ती, ‘पीक पॉवर’ थोडा वेळच. ठळक अक्षरांत बहुधा दुसरी छापतात. ‘वॉटर-रेझिस्टंट’ म्हणजे पाणी थोडंफार सोसणारी, ‘वॉटरप्रूफ’ नव्हे. आणि रेंजच्या आकड्याआधी बारीक अक्षरात बसलेलं ‘अप टू’! हलका चालक, सपाट रस्ता, बेताचा वेग असं सगळं जुळून आलं तर तितकं अंतर.

कार्डं रुक्ष वाटायला लागली की बातम्या घ्याव्यात. पॅरिसची उत्तम आहे. २ एप्रिल २०२३ रोजी तिथे भाड्याच्या ई-स्कूटरवर मतदान झालं. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के विरोधात गेले, पण मतदानाला आले होते आठ टक्क्यांहूनही कमी. सप्टेंबरपासून त्या गाड्या बंद. या एका बातमीत ‘डॉकलेस’ (ठरलेल्या स्टँडशिवाय ठेवता येणारी), ‘क्लटर’ (पसारा), ‘टर्नआउट’ (मतदानाला आलेल्यांचं प्रमाण), ‘बॅन’ (बंदी) सगळं मिळतं, आणि गोष्ट लक्षात राहते म्हणून शब्दही राहतात. ब्रिटनमध्ये २०२० पासून भाड्याच्या गाड्यांच्या ‘ट्रायल्स’ सुरू आहेत, म्हणजे प्रायोगिक योजना, खटले नव्हेत. स्वतःच्या मालकीची गाडी मात्र तिथे सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. अशा मजकुरात ‘रेंटल’ आणि ‘प्रायव्हेटली ओन्ड’ या दोन शब्दांवरच सगळं ठरतं.

कमी कुठे पडतं? ऐकण्यात. स्टेशनवरच्या घोषणा कार्डावर वाचून काही उपयोग नाही. लंडनच्या गाडीत ‘ऑल चेंज’ म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी उतरा, गाडी पुढे जाणार नाही. न्यू यॉर्कमध्ये ‘स्टँड क्लिअर ऑफ द क्लोजिंग डोअर्स’ म्हणजे दारापासून लांब उभे राहा. मोबाइलचा यांत्रिक आवाज हे फार स्वच्छ म्हणतो, खऱ्या घोषणेत मात्र अर्धे शब्द गडगडाटात विरतात. त्यासाठी प्रवाशांनी केलेली ध्वनिमुद्रणं शोधून कार्डाला जोडली, तेव्हा कुठे कान तयार व्हायला लागला. काम किचकट आहे आणि त्याला वेळ जातो.

इंग्रजी अगदीच कच्चं असेल तर हे सध्या घेऊ नये, मॅन्युअलातली वाक्यं दमवतील. साधी बातमी वाचता येत असेल तर जरूर घ्यावं, आणि संच स्वतःच बनवावा. माझा सध्या विम्याच्या शब्दांचा चालू आहे. नुकसानीतला जो वाटा आपण स्वतः भरायचा त्याला ब्रिटनमध्ये ‘एक्सेस’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘डिडक्टिबल’, त्यामुळे इथेही देशाचं नाव आधी.