चुंबकीय गादीचे १,३८,५०० रुपये

टोकनचे ११,००० रोख, उरलेले १,२७,५०० एनईएफटीने. मंगल कार्यालयातला फुकट डेमो, 'जपानी तंत्रज्ञान', चार माणसं जोडली की गादीचे पैसे वसूल... पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: फसवणूक.

हाताची चाचणी मात्र नीट बघा, कारण गिऱ्हाईक तिथेच पटतं. आडवा धरलेला हात आधी मनगटावर दाबतात, तो खाली जातो. मग गादीवर उभं करून कोपराजवळ दाबतात, हात हलत नाही. शाळेतला तरफेचा नियम: खांद्यापासून जितकं लांब दाबाल तितका हात सहज खाली जातो! दाबणाऱ्याची बोटं मनगटावरून वर सरकलेली स्वच्छ दिसत होती. तिथेच उठायला हवं होतं. पण रोज सकाळी अंग मोडून येत असताना बोटांकडे कोण बघतं? हाव नव्हती ती, झोप हवी होती.

'चुंबक रक्तातलं लोह खेचतं' ही शुद्ध थाप. एमआरआयच्या १५,००० गॉसमध्येही (गॉस हे चुंबकाच्या जोराचं माप) रक्त खेचलं जात नाही. गादीतल्या फेराइट चुंबकाचा जोर तर फोममध्येच विरतो. चादरीवर टाचणी ठेवून बघा, चिकटते का.

तक्रार केली तर पोलीस म्हणाले, दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. तिथला कारकून म्हणाला, बिलावर 'डिस्ट्रिब्युटर' लिहिलंय, म्हणजे तुम्ही विक्रेते, ग्राहक कसले? (सही करण्याआधी हा शब्द शोधा. दिसला तर पेन खाली ठेवा.) औषध प्रशासनाचं उत्तर: गादी म्हणजे औषध नव्हे. अहो, पत्रकावर मधुमेह, रक्तदाब बरा होतो असं छापलंय! १९५४ च्या जादुई उपचार जाहिरात कायद्यात शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी विकलेली वस्तूसुद्धा 'औषध'च धरली आहे. कायदा आम्ही वाचायचा आणि पगार यांनी घ्यायचा. पत्रक जपून ठेवा, पुरावा तोच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

सकाळी थकवा आणि रात्री घोरणं, दोन्ही असेल तर आधी स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी). श्वास तासाला ५ किंवा अधिक वेळा अडखळत असेल तर दोष मिटणाऱ्या घशाचा, गादीचा नाही. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी१२ तपासा. चारनंतर चहा बंद.

आणि गादीसोबत 'भेट' मिळणारा चुंबकी पट्टा पेसमेकर असलेल्याच्या छातीजवळ नेऊ नका. चुंबक जवळ आलं की पेसमेकर सहसा हृदयाची स्वतःची गती न जुमानता ठरावीक ठोके देत सुटतो.