मारुती चौकाजवळचं मेडिकल: जुनी चिठ्ठी चालत नाही

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं. घरी आल्यावर रात्रीचं दुखणं सोसवेना, म्हणून डॉक्टरांनी ट्रामाडॉलच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. सांगलीत या दुकानात गेलो. काउंटरवरच्या ताईंनी चिठ्ठी वाचली, गोळ्यांच्या पट्टीवरची इशाऱ्याची तांबडी चौकट दाखवली आणि बिलाच्या आधी एक लांबट वही ओढली. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती नग. मग डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचा शिक्का मारून तारीख घातली.

गोळ्या संपल्या, तीच चिठ्ठी घेऊन परत गेलो.

"काका, ही झाली. नवीन लिहून आणा."

मी तापलो. दुसऱ्या एका दुकानात मला झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळाली होती, तीही कात्रीनं कापलेली, एक्सपायरीचा भाग पट्टीबरोबर तिकडंच राहिलेला. ताईंनी वाद घातला नाही, शिक्क्यावर नुसतं बोट ठेवलं. मी एसटीत कंडक्टर होतो. पंच झालेलं तिकीट दुसऱ्यांदा दाखवणाऱ्याला मी काय काय ऐकवायचो ते आठवलं आणि गप्प बसलो.

नंतर ओळख वाढली तशी वहीची चौकशी केली. १ मार्च २०१४ पासून एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांना ही वेगळी वही लागते. झोपेच्या गोळ्या, टीबीची औषधं, भारी अँटिबायोटिक्स, यातली बरीच त्यात. वही तीन वर्षं सांभाळायची, ड्रग इन्स्पेक्टर आला की पुढं ठेवायची. रात्री शटर अर्धं ओढून ताई वहीशी पट्ट्या जुळवतात. आम्ही डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळवायचो, अगदी तसंच.

२०१९ च्या पुरात आधी वह्या माळ्यावर गेल्या, मग इन्सुलिन. एक काउंटरवरच राहिली. तिची मुदत कधीच संपली, पण ताईंनी टाकलेली नाही. शाई फुटलीय, पानं पापडासारखी झालीत, नगांचा रकाना मात्र अजून वाचता येतो.

पाचातला एक तारा कापतोय. दुपारी एक ते चार बंद, आणि बसायला एकच स्टूल. गुडघ्याची माणसं ताटकळत उभी असतात. मोबाईलमधला चिठ्ठीचा फोटो चालत नाही, कागदच न्या. सुट्टे पैसेही न्या, पाचशेची नोट बघून ताई वैतागतात. याबाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूनं.