मुंबई–लंडन बिझनेस क्लास: थेट जावं की दोहा-दुबईमार्गे?

बिझनेस क्लासच्या तिकिटाला जे तिप्पट-चौपट पैसे जातात, ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी: पूर्ण आडवी होणारी सीट आणि तिच्यावर सलग झोपायला मिळणारे तास. शॅम्पेन, पायजमा, अत्तराची बाटली हे सगळं वरचं. गंमत अशी की एअरलाइनचं नाव या दोन्हींची हमी देत नाही. एकाच कंपनीच्या ताफ्यात तीन-चार पिढ्यांच्या सीट उडत असतात आणि तिकिटाचा दर मात्र सगळीकडे सारखाच.

इथे तीन पर्याय शेजारीशेजारी ठेवले आहेत: ब्रिटिश एअरवेज थेट, कतार एअरवेज दोह्यामार्गे आणि एमिरेट्स दुबईमार्गे. एअर इंडिया आणि व्हर्जिन अटलांटिकही मुंबईहून थेट लंडनच्या हीथ्रोला जातात. विमान तपासण्याबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते त्यांनाही लागू पडतं.

आधी झोपेचा हिशोब. थेट विमानाला साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. चढल्यावरचं जेवण आणि उतरण्यापूर्वीचा नाश्ता वजा केला, तरी सहा-सात तास सलग मिळतात. दोह्यामार्गे मुंबई–दोहा साडेतीन ते चार तास आणि पुढे सुमारे सात. दुबईमार्गे सव्वातीन आणि साडेसात. पहिला टप्पा पहाटेचा असेल तर जेवण उरकून सीट आडवी करेपर्यंत खाली उतरायची घोषणा होते. रात्रीचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा उजेडात जातो. लंडनला उतरून त्याच दिवशी मीटिंग असेल, किंवा सत्तरीतले आईवडील एकटे प्रवास करत असतील, तर थेट विमानातली मध्यम सीटसुद्धा दोन टप्प्यांतल्या उत्तम सीटपेक्षा बरी.

पण मध्यम म्हणजे किती मध्यम, ते पाहून घ्यावं. ब्रिटिश एअरवेजची नवी बिझनेस सीट, क्लब सुइट, २०१९मध्ये आली: १-२-१ रचना (म्हणजे एका ओळीत दोन्ही खिडक्यांकडे एकेक आणि मध्ये दोन), सगळ्या सीट पुढे तोंड करून, प्रत्येकीला सरकतं दार आणि थेट पॅसेजमध्ये वाट. जुन्या क्लब वर्ल्डमध्ये एक सीट पुढे तोंड करून तर शेजारची मागे. ही रचना काही विमानांवर २-४-२, तर काहींवर २-३-२ अशी आहे. खिडकीवाल्याला रात्री बाथरूमला जायचं तर शेजाऱ्याचे पसरलेले पाय ओलांडावे लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती सीट देऊ नये. ओळखायची खूण सोपी: सीट मॅपवर एका ओळीत चार सीट दिसल्या तर नवी, सात किंवा आठ दिसल्या तर जुनी. नव्या सीटचाही एक तोटा आहे. पाय ठेवायची जागा टोकाला निमुळती होते, त्यामुळे कुशीवर गुडघे दुमडून झोपणाऱ्याला ती आखूड वाटते. केबिनच्या अगदी पहिल्या ओळीत ही जागा जास्त मोकळी असते.

कतारची क्यूसुइट ही या तिन्हींतली सर्वांत चांगली सीट, यात फारसा वाद नाही. दार आहे, पलंग रुंद आहे, आणि जेवण ठरावीक वेळी न येता तुम्ही सांगाल तेव्हा येतं. पण सीट निवडताना अक्षरं नीट बघा. ए आणि के या मागे तोंड असलेल्या सीट खिडकीला अगदी लागून. बी आणि जे पुढे तोंड असलेल्या, पण पॅसेजकडे सरकलेल्या. जोडप्याला डबल बेड हवा असेल तर मधल्या ई-एफ घ्याव्यात. त्यांच्यातली भिंत खाली जाते. विमान वर चढताना मागे तोंड केलेला माणूस पुढे झुकतो आणि पट्ट्यावर भार येतो. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी बी किंवा जेच घ्यावी. मुंबई–दोहा टप्प्यावर मात्र क्यूसुइट मिळेलच असं धरून चालू नये. दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासा.

एमिरेट्सचं उत्तर विमानावर ठरतं. दुमजली एअरबस ए३८०च्या वरच्या मजल्यावर १-२-१ रचना, मागच्या बाजूला बार, खिडकीच्या कडेला सामान ठेवायचे खोल कप्पे. दार नाही, पण ए आणि के सीटला पॅसेजच्या बाजूने टेबलाचा आडोसा मिळतो. शेवटच्या ओळी टाळा, बारचा गलका तिथे पोहोचतो. आणि प्रसिद्ध शॉवर फक्त फर्स्ट क्लाससाठी आहे, बिझनेससाठी नाही. बोइंग ७७७ मात्र नूतनीकरण झालेलं नसेल तर २-३-२, म्हणजे बिझनेस क्लासचे पैसे भरून मधली सीट! या मार्गावर न सुधारलेलं ७७७ दिसलं, तर फरकाचे पैसे वाचवून सरळ दुसऱ्या विमानातल्या प्रीमियम इकॉनॉमीचा विचार करावा.

सामानात ब्रिटिश एअरवेज पुढे आहे: ३२ किलोच्या दोन बॅगा. उरलेल्या दोघांकडे युरोपसाठी एकूण ४० किलो. मुलीकडे सहा महिन्यांसाठी जाताना मसाले, पापड, कुरडया आणि लोणच्याच्या बरण्या असतील, तर हा फरक लहान नाही.

स्वस्त बिझनेस दरांत बरंच काही कापलेलं असतं. एमिरेट्सच्या 'स्पेशल' आणि कतारच्या 'लाइट' दरात लाउंज आणि आधी सीट निवडणं येत नाही. 'स्पेशल'मध्ये घरून विमानतळावर नेणारी गाडीही नाही. लेओव्हर, म्हणजे मधल्या विमानतळावरचा थांबा, चार तासांचा असताना लाउंज नसणं चांगलंच जाणवतं. ब्रिटिश एअरवेज बिझनेसलाही सीट निवडायचे वेगळे पैसे घेते. सदस्यत्वाचा वरचा दर्जा नसेल तर फुकट निवड फक्त शेवटच्या २४ तासांत. जोडपं असेल तर हे पैसे भाड्यात धरूनच तुलना करा. करही बघा: २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमी सोडून इतर वर्गांवर जीएसटी १२ऐवजी १८ टक्के आहे.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो ऐनवेळी विमान बदलल्यामुळे. बदललं की सीट नंबर आपोआप नव्याने वाटले जातात आणि नवरा-बायको दोन टोकांना जातात. तिकीट काढताना, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी सीट मॅप उघडून पाहा. विमानाचा प्रकार कंपनीच्या अटींत बांधील नसतो, पण रचना उघडच खालावली असेल तर त्याच मार्गावरची दुसरी वेळ फोन करून मागता येते. ती लवकर मागितली तरच मिळते.

जेवणाचं सांगायचं तर, शाकाहाऱ्यांनी 'हिंदू मील' अजिबात निवडू नये. त्यात मांस असू शकतं, गोमांस मात्र नसतं. हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन मील', तेही निदान २४ तास आधी आणि दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळं नोंदलं गेलंय ना, हे पाहून.