‘मरीन इपॉक्सी’च्या डब्यात पॉलिएस्टर: लाकडी बोर्ड बांधणाऱ्यांनी पैसे देण्याआधी वाचा

कोयनेच्या शिवसागर जलाशयात चालवायला किंवा मालवणच्या लाटांवर न्यायला घरीच लाकडी पॅडलबोर्ड किंवा सर्फबोर्ड बांधणाऱ्या काही हौशी मंडळींना सांगलीतल्या एका दुकानातून ‘मरीन इपॉक्सी’ म्हणून सुटं रेझिन, म्हणजे लाकडावर लावल्यावर कडक थर धरणारा चिकट द्रव, विकलं गेलं. डब्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, ना बॅच नंबर, ना कंपनीचं नाव. आत निघालं साधं पॉलिएस्टर रेझिन, पाण्याच्या टाक्या आणि पत्रे बनवायला वापरतात ते.

ओळखायची खूण झाकणाबाहेरच होती. किलोभर रेझिनसोबत हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग) म्हणून औषधाच्या बाटलीएवढी छोटी बाटली दिली होती. इपॉक्सीचा हार्डनर थेंबांत मोजत नाहीत. कंपनीप्रमाणे प्रमाण बदलतं, तरी किलोला किमान 100 ग्रॅम लागतो, काहींना 500 ग्रॅम. किलोला 10 ते 20 मिली पुरतं ते पॉलिएस्टरचं कॅटॅलिस्ट. शिवाय रेझिनला गुलाबी-जांभळट छटा आणि नाकात जाणारा उग्र वास असेल तर तिथेच डबा परत करा. हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघितल्याशिवाय सौदा न करणारं हे गाव, इथे झाकण उघडून बघायला लाज कसली?

कोबाल्टची (पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून रेझिनमध्ये मिसळतात ते द्रावण) वेगळी बाटली दिली असेल तर ती आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही ओतू नका. भडका उडतो.

पॉलिएस्टर वाळताना आक्रसतं आणि लाकडाला नीट धरत नाही. पहिले काही आठवडे बोर्ड काचेसारखा चमकतो, म्हणून फसवणूक लगेच कळत नाही. मग काठाला, फिनच्या (बोर्डाखालच्या पंखाच्या) खाचेपाशी पाणी शिरतं, लाकूड फुगतं आणि रेझिनने चिकटवलेलं फायबरग्लासचं कापड पापुद्र्यासारखं सुटतं. त्यावर वरून इपॉक्सी लावून भागत नाही. खालचा थरच सुटा असतो. सगळं खरवडा, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, लाकूड पूर्ण सुकू द्या, मग नव्याने कापड बसवा. 200 ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड पुरेसं आहे.

दुसरी लबाडी म्हणजे खऱ्या इपॉक्सीत थिनर घालून वजन वाढवणं. टाइलवर 10 ग्रॅम रेझिन, हार्डनर न घालता, पातळ पसरून रात्रभर ठेवा आणि डिजिटल काट्यावर पुन्हा तोला. चोख रेझिनचं वजन जवळजवळ हलत नाही. थिनर उडून गेलेला लगेच दिसतो. मग रेझिन आणि हार्डनरचं 20 ग्रॅम मिश्रण काट्यावर तोलून करा. दुसऱ्या दिवशी नख रुतत असेल तर तो डबा बोर्डावर चालणार नाही. पावसाळी हवेत वर मेणचट थर येतो, तो मात्र भेसळीचा पुरावा नव्हे. पाण्याने धुऊन मग घासायचा.

‘इपॉक्सीवर काही लावायची गरज नाही’ हेही खोटं. उन्हाने ते पिवळं पडतं, भुकटी सुटते. वरून उन्हातले यूव्ही किरण रोखणारं स्पार व्हार्निश (बोटींचं व्हार्निश) किंवा टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून लावायचं पॉलियुरेथेन) हवंच. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून गळ्यात मारलेलं फर्निचरचं मेलामाइन तडकतं. मिरजेच्या तंबोऱ्यावर शोभणारं चपड्याचं पॉलिशही इथे कामाचं नाही, ते पाण्याने पांढरं पडतं.

फसवणूक झालीच असेल तर उरलेलं रेझिन फेकू नका. डबा, चिठ्ठी आणि बाटली एकत्र ठेवून फोटो काढा, पक्कं बिल जोडा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला 2 वर्षांची मुदत असते.