कुलवृत्तांताच्या नावाखाली ६१ हजार गेले, आणि आजीचे कागदही

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याचा इतिहास आणि वंशावळ, लिहून देतो म्हणणाऱ्या एका माणसानं आम्हाला फसवलं. आधी आकडे सांगतो. ११,००० आगाऊ, १८,५०० जुन्या मोडी लिपीतले कागद वाचून देण्याचे, ७,५०० 'दफ्तरातून नकला काढायला', २४,००० शंभर प्रती छापायला. एकूण ६१,०००. यातले २६,००० भाऊबंदांचे, घरटी हजार. बाकी माझे. पैसे गेल्याचं दुःख पचवता येईल, पण पत्र्याच्या पेटीतले कागद गेले, ते कुठून आणू?

आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यातलं. आडनाव मुद्दाम देत नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली, त्या गर्दीत कसली कसली माणसं घुसली ते तुम्ही जाणताच. मला दाखला नको होता. वडील गेले, जुनं सांगणारी एक थोरली आत्या उरली, ८४ वर्षांची. तिच्या डोळ्यांदेखत कुलवृत्तांत व्हावा एवढंच मनात होतं. हा माणूस ओळखीतून आलेला, आधी केलेली तीन घरांची पुस्तकं दाखवली, छपाई सुबक. संशय कशाचा घेणार?

दोन महिन्यांनी एका रविवारी तो आला. सगळे भाऊबंद ओसरीवर बसलेले. पिशवीतून तपकिरी पडलेला मोडी कागद काढून त्यानं वाचून दाखवलं की आमच्या मूळ पुरुषाला पालखीचा मान होता. धाकट्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कागदाला पेन्सिलीची टीप जोडलेली होती: शके १६९०, इ.स. १७४२.

इथंच मला कळायला हवं होतं. नव्हे, कळलं होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १६९० अधिक ७८, म्हणजे १७६८. ३१ वर्षं बँकेत मी आकडेच तपासले, हा हिशेब बसल्या जागी झाला. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "दादा, हा राजशक आहे, तो वेगळा धरतात." राजशक शिवरायांच्या राज्याभिषेकापासून, १६७४ पासून मोजतात. राजशक १६९० यायला अजून तेराशेच्या वर वर्षं आहेत! हेही मला ठाऊक होतं. पण तेवढ्यात काकांनी कागदाला हात जोडले आणि मी गप्प बसलो. भरल्या घरात, त्या क्षणी, कोण तोंड उघडेल? तुम्ही उघडलं असतंत?

नावांतही खोट दिसत होती. आमच्या १९११ च्या खरेदीखतात पणजोबांच्या नावापुढे 'बिन' लिहून त्यांच्या वडिलांचं नाव आहे. याच्या पेशवाईतल्या कागदात मात्र सगळी नावं आजच्या मतदारयादीसारखी. आणि त्याच संध्याकाळी ते खरेदीखत मी त्याच्या हातात दिलं. "स्कॅन करून आठ दिवसांत आणतो." सोबत आजीनं वहीच्या पानांवर लिहिलेली सात पिढ्यांची नावंही दिली. आजी चाळिशी उलटल्यावर लिहायला शिकली. तिचा 'ळ' कायम उलटा पडायचा. त्या पानांचा मी साधा फोटोही काढून ठेवला नव्हता.

पुस्तक आलं, ३४ पानांचं. महिनाभरानं जावयांच्या ओळखीत दुसऱ्या घराचं पुस्तक पाहिलं, तर तीच पालखी, तोच मान, फक्त आडनाव बदललेलं. तेव्हापासून त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात पाच खेपा घातल्या. पहिल्यांदा म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्यांदा, तो राहतो त्या हद्दीत जा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "मग वकिलाकडंच जा की." तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला गेलेले. चौथ्यांदा एका हवालदारानं विचारलं, "जुन्या कागदांची किंमत किती लावायची?" आजीच्या अक्षराची किंमत मी काय सांगू? पाचव्यांदा अर्जावर नुसता पोचशिक्का मिळाला. ग्राहक आयोगाकडे गेलो, तिथं समोरच्याचा पक्का पत्ता हवा. पत्ता पोलिसांनी शोधायचा, आणि पोलीस म्हणतात तुम्हीच आणा.

मूळ कागद कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. समोर बसवून मोबाईलवर फोटो काढू द्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून आणलं म्हणाला तर कोणता रुमाल ते विचारा, तिथं कागद रुमालांत बांधलेले असतात. नक्कल घेतल्याची सरकारी पावती मागा. मोडीचं वाचन दुसऱ्या जाणकाराकडून ताडून घ्या, लागले तर चार पैसे जास्त. आणि घराण्याला मान-मरातब सांगणाऱ्याला तिथंच थांबवा, आम्ही तिथंच फसलो.

पुस्तकात 'त्र्यंबकेश्वरच्या वहीवरून' असंही छापलंय. तीर्थाला आलेल्या घराण्यांची नावं तिथले उपाध्याय वहीत लिहून ठेवतात, म्हणून गेल्या महिन्यात मी स्वतः गेलो. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि अर्ध्या तासात वही समोर ठेवली. १९५३ ची नोंद, खाली आजोबांची सही. त्यांनी स्वतःसकट चार भाऊ लिहिलेत, पुस्तकात तीनच आहेत. मी ५०१ रुपये दक्षिणा ठेवली, तीही कुणी मागितली नव्हती. फोटो आत्याला दाखवला. चौथ्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा धाकटा, प्लेगात गेला. आई त्याचं नाव घ्यायची."

चुकीचं पुस्तक २६ घरांत गेलंय. एकेक प्रत परत मागून आणतोय. आजवर १९ आल्या.