शिक्षकांनी कुठे जावं: सहा आठवडे अमेरिका की दीड वर्ष जपान?

शाळेत पाच वर्षं शिकवून झालेल्या शिक्षकाला परदेशी शाळा आतून बघायची असेल, तर दोन योजना मला मनापासून सुचवाव्याशा वाटतात. एक अमेरिकेची फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट, म्हणजे एफटीईए. दुसरी जपानच्या शिक्षण मंत्रालयाची (मेक्स्टची) टीचर ट्रेनिंग शिष्यवृत्ती. विमानाचं तिकीट आणि राहण्या-खाण्यापुरते पैसे दोन्हीकडे मिळतात, त्यामुळे खरा प्रश्न पैशांचा नाही.

आधी पात्रता बघा, निम्म्या जणांचा निर्णय तिथेच होतो. एफटीईए माध्यमिकच्या शिक्षकांसाठी आहे, तेही इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं किंवा विशेष शिक्षण शिकवणाऱ्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना तिथे अर्जच करता येत नाही. मेक्स्टला प्राथमिकचे शिक्षक चालतात, पण वय ३५ च्या आत लागतं. चाळिशीतल्या गणिताच्या सरांना अमेरिका, पस्तिशीच्या आतल्या प्राथमिकच्या बाईंना जपान, इतकं ते सरळ आहे. दोन्हींत बसणाऱ्यांनी पुढचं वाचावं.

अमेरिकेत तुम्ही एखाद्या विद्यापीठात राहता, निरनिराळ्या देशांतून आलेल्या शिक्षकांबरोबर अध्यापनपद्धतीचे वर्ग करता आणि जवळच्या शाळेत एका अमेरिकन शिक्षकासोबत किमान ४० तास वर्गात असता. या ४० तासांतच खरं शिक्षण आहे. मात्र सहा आठवडे भुर्रकन जातात. वर्गाची लय कळायला लागते तोच परतीचं तिकीट समोर येतं. म्हणून काय बघायचं ते इथूनच ठरवून जा. 'गृहपाठ कसा तपासतात' किंवा 'मागे पडलेल्या मुलाला वर्गात कसं सामावतात' असा एकच प्रश्न घेऊन गेलेला शिक्षक भरून परत येतो.

वेळेचं गणितही बघा. एक तुकडी साधारण जानेवारी अखेर ते मार्च, दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबर. पहिली ऐन दहावीच्या परीक्षेत येते, दुसरी सहामाहीत. दहावीचा वर्ग तुमच्याकडे असेल तर मुख्याध्यापकांशी आधी बोला, निवड झाल्यावर नको. व्हिसा जे-१ असतो आणि त्याला दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती पूर्ण होईपर्यंत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. जोडीदार अमेरिकेत नोकरीला जायच्या बेतात असेल, तर घरी हे आधीच बोलून घ्या.

जपानचं सगळंच वेगळं. ऑक्टोबरमध्ये जायचं, पहिले सहा महिने भाषा शिकायची, मग विद्यापीठात आपल्या विषयावर काम. महिन्याला १,४३,००० येन विद्यावेतन आणि फी माफ. शेवटी पदवी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळतं. पगारवाढीच्या हिशेबाने जाणाऱ्याची इथे निराशा होईल.

तरी अट बसत असेल तर माझा कल जपानकडे आहे. त्याचं कारण तिथला 'ज्युग्यो केंक्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एका पाठाचं टाचण करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात: कोणी कुठे अडखळलं, कोणी वहीत काय खोडलं. मग बसून चर्चा होते, ती शिक्षकाच्या चुकांवर नाही, पाठावर. आपल्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत हे उद्यापासून करता येईल, त्याला प्रोजेक्टरही लागत नाही. दुपारी मुलं पांढरे एप्रन बांधून आपल्याच वर्गाला जेवण वाढतात, नंतर फरशी पुसतात. पोषण आहार रोज सांभाळणाऱ्या शिक्षकाला त्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. हे सगळं समजायला दीड वर्ष लागतं, सहा आठवड्यांत फक्त दिसतं.

किंमतही मोठी आहे. दीड वर्षाची रजा, लहान मूल, सासू-सासरे, गृहकर्जाचा हप्ता. मेक्स्ट कुटुंबाचा खर्च देत नाही. शाकाहारी माणसाने तर स्वयंपाक शिकूनच जावं, कारण तिथल्या साध्या मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. आणि भाषा: विद्यापीठातले वर्ग बहुतेक ठिकाणी जपानीतच असतात. जेएलपीटीचं, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्र मुंबईत आहे, पुण्यात आहे. एन-५ नाही तर एन-४ या तिच्या पहिल्या पायऱ्यांपर्यंत इथेच पोहोचलात, तर ते सहा महिने बाराखडीत न जाता माणसांशी बोलण्यात जातील. अमेरिकेसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, पण सराव करावा तो वर्गात बोलण्याचा.

तयारीत एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. भेटवस्तूंनी बॅग भरण्याआधी स्वतःच्या वर्गाची दहा मिनिटांची चित्रफीत करा, साठ मुलांचा वर्ग असेल तर साठ मुलं दिसू द्या. तिथले शिक्षक त्यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.

आणि अर्ज भरण्याआधी संस्थेकडे किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयात ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा प्रकार लेखी विचारून घ्या. पासपोर्ट नसेल तर तोही आत्ताच काढायला टाका.