फुकटात ऑस्ट्रियन अर्थशास्त्र: नऊ महिन्यांनंतर

जगात फुकट काही मिळत नसतं, असं उठताबसता बजावणारी ही ऑस्ट्रियन अर्थशास्त्राची (व्हिएन्नात उगम पावलेल्या, मुक्त बाजाराची बाजू घेणाऱ्या विचारप्रवाहाची) मंडळी, आणि त्यांचं जवळजवळ सगळं महत्त्वाचं लिखाण मात्र फुकट मिळतं. नऊ महिन्यांपूर्वी हे कळलं तेव्हा मी एका रात्रीत त्रेसष्ट पुस्तकं डाउनलोड केली. आजवर त्यातली नीट वाचून झाली ती सहा. तेव्हा साहित्याचा तुटवडा ही अडचण नाहीच. कुठून शिरायचं, ही खरी अडचण.

मी चुकीच्या दारातून शिरलो. थेट या प्रवाहातल्या बड्या अर्थतज्ज्ञाचं, लुडविग फॉन मिझेसचं ‘ह्यूमन अ‍ॅक्शन’ उघडलं. १९४९ चं पुस्तक, नऊशेच्या घरात पानं. बाजार, पैसा, व्याज हे सगळं पुढे. सुरुवातीला माणूस कृती करतो म्हणजे नेमकं काय करतो आणि अर्थशास्त्राचे सिद्धांत आकडेवारीतून निघतात की निव्वळ तर्कातून, याचाच खल. चाळिसाव्या पानावर मी हात टेकले. पुस्तकाला दोष देत नाही, माझीच तयारी नव्हती.

गाडी रुळावर आली ती रॉबर्ट मर्फी यांच्या ‘लेसन्स फॉर द यंग इकॉनॉमिस्ट’मुळे. मिझेस इन्स्टिट्यूट (अमेरिकेतल्या ऑबर्नची संस्था, १९८२ पासूनची) ते फुकट देते. लिहिलंय शाळकरी मुलांसाठी, पण मोठ्यांनी लाजू नये. बेटावर अडकलेल्या रॉबिन्सन क्रूसोपासून सुरुवात होते: एकटा माणूस, हाताने किती नारळ मिळतात, काठी बनवण्यात वेळ घालवला तर किती. बचत आणि भांडवल म्हणजे काय, हे बँकेचं नावही न घेता कळतं. धड्याखालचे प्रश्न मी वहीत सोडवले. हा कंटाळा करू नका. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि उत्तर लिहायला घेतलं की पेन अडतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र जुन्या पुस्तकात सापडली. ‘इकॉनलिब’ या अर्थशास्त्राच्या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ ऑयगेन फॉन ब्योम-बावेर्कचा भांडवलावरचा ग्रंथ (मूळ जर्मन, १८८९) इंग्रजीत आहे. त्यात जंगलात एकटाच राहणारा एक शेतकरी भेटतो. त्याच्याकडे पाच पोती धान्य. पहिलं जीव जगवायला, दुसरं अंगात ताकद राहावी म्हणून, तिसरं कोंबड्यांना, चौथं दारू गाळायला आणि पाचवं करमणुकीखातर पाळलेल्या पोपटांना. आता एक पोतं गेलं तर? तो काही प्रत्येक गोष्टीत थोडी थोडी काटछाट करत नाही. पोपट उपाशी राहतात, बस. म्हणजे पाच पोती असताना एका पोत्याचं मोल पोपटांएवढं, आणि एकच उरलं असतं तर जिवाएवढं. धान्य तेच, शेतकरी तोच. या प्रवाहाचा जनक कार्ल मेंगेर याने १८७१ मध्ये मोल वस्तूत नसतं, माणसाच्या गरजेत असतं असं मांडलं होतं. माझ्या डोक्यात ते शिरलं या पोपटांमुळे.

इकॉनलिबवरच अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेकचा १९४५ चा निबंधही आहे, ज्ञान समाजात कसं विखुरलेलं असतं त्यावरचा. कथिल महाग झालं की हजारो लोक ते जपून वापरू लागतात. कुठली खाण बंद पडली की कुठे नवा वापर निघाला, हे त्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. एका बैठकीत वाचून होतो. मी चार वेळा वाचलाय.

हेन्री हॅझलिटचं ‘इकॉनॉमिक्स इन वन लेसन’ हे छोटं पुस्तक आणि लेनर्ड रीडचा ‘आय, पेन्सिल’ हा प्रसिद्ध निबंध (१९५८) हे दोन्ही एफईईकडे (फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन या अमेरिकन संस्थेकडे) मिळतात. चांगलेच आहेत, पण सगळीकडे तेच सुचवतात, म्हणून जास्त लिहीत नाही. कानांसाठी ‘इकॉनटॉक’ हा पॉडकास्ट: रस रॉबर्ट्स २००६ पासून दर आठवड्याला कोणाशी तरी तासभर बोलतात आणि मत न पटणाऱ्यांनाही बोलावतात. भांडी घासताना उत्तम.

आता खटकलेलं. फुकट मिळतं कारण देणाऱ्याला आपल्याला पटवायचं असतं. खर्च देणगीदार उचलतात. (काहींना तर कॉपीराइटच मान्य नाही, ते वेगळंच.) त्यात गैर काही नाही, पण सहा महिने एकाच बाजूचं वाचून मीही घरी भाषणं ठोकू लागलो होतो. उतारा म्हणून विरोधकांकडे गेलो. अर्थतज्ज्ञ ब्रायन कॅप्लान स्वतः बाजारवादी, तरी आपण ऑस्ट्रियन का नाही यावर त्यांनी लांबलचक लिहिलंय आणि तेही फुकट आहे. मर्फींचाच एक किस्सा: २००९ मध्ये त्यांनी अर्थतज्ज्ञ डेव्हिड हेंडरसन यांच्याशी पैज लावली की अमेरिकेतली महागाई जानेवारी २०१३ पर्यंत कधीतरी वर्षाला १० टक्क्यांवर जाईल. गेली नाही, ते हरले. हे कळल्यावर त्यांच्या पुस्तकाबद्दलचा आदर कमी झाला नाही, पण नवा पैसा छापला की महागाई ठरलेलीच, हे वाक्य मी आता जपून उच्चारतो.

ऑस्ट्रियन मंडळींच्या जवळच्या लिबर्टेरियन विचारांचंही (व्यक्तीला जास्तीत जास्त स्वातंत्र्य, सरकार कमीत कमी) तसंच. लांबून एक झेंडा दिसतो, आत गेल्यावर भांडणं. अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्डला राज्यसंस्थाच नको, तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकला किमान हवी, आणि हायेक तर गरजूंना किमान उत्पन्न सरकारने द्यायला हरकत नाही म्हणतो. केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकन लिबर्टेरियन संस्थेच्या लिबर्टेरियनिझम डॉट ऑर्गवरचा ज्ञानकोश हे मतभेद झाकत नाही, म्हणून मला तो उपयोगी पडला.

एक व्यवहाराची सूचना: फोनवर वाचणार असाल तर पीडीएफ नको, ईपब (पडद्याच्या आकाराप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी फाइल) घ्या. एका संग्रहातल्या जुन्या स्कॅनमध्ये तळटीपा मजकुरात अशा घुसल्या होत्या की एका परिच्छेदाशी मी अर्धा तास झटापट केली, आणि शेवटी कळलं की निम्मी वाक्यं शेजारच्या पानाची आहेत.

‘ह्यूमन अ‍ॅक्शन’ गेल्या महिन्यात पुन्हा उघडलंय, शेजारी मर्फींचीच मार्गदर्शिका ठेवून. रोज दहा पानं. काल किमतींच्या प्रकरणापर्यंत पोहोचलो.